माळ्याचा झरोका बुजवू नका, त्याला जाळी लावा

खानदेशात नव्याने राहायला आलेल्यांना, किंवा वाडवडिलांचं बंद पडलेलं घर पुन्हा उघडणाऱ्यांना, माळ्यावर चढल्यावर बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं: झरोक्यात कोंबलेलं बारदान. कुठे विटांचे तुकडे, कुठे पुठ्ठा, कुठे जुनी गादी. पारवे शिरतात, उंदीर येतात, कधीतरी साप निघाला होता, म्हणून कुणीतरी ते भोक बुजवून टाकलेलं असतं. प्राणी त्यामुळे थांबत नाहीत. उंदीर बारदान कुरतडतो आणि त्याच्याच धाग्यांचं घरटं करतो. थांबते ती हवा.

आणि हवा थांबणं आपल्याकडे परवडत नाही. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि काही दिवस त्याच्याही पुढे जातो. पत्र्याखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिला वरून बाहेर पडायला वाट आणि खालून ताजी हवा आत यायला वाट, अशा दोन्ही वाटा असतील तर दिवस मावळल्यावर माळा लवकर निवतो. नसतील तर तीच उष्णता रात्रभर खालच्या खोल्यांत उतरत राहते. पावसाळ्यात उलटा त्रास. कोंडलेल्या माळ्यावर ओल धरते, सागवानी तुळयांवर बुरशी येते, वाळवी लागते, कोठीतल्या दादरला (ज्वारीला) कुबट वास येतो. तेव्हा काम दोन बाजूंचं आहे. झरोका उघडा राहिला पाहिजे आणि त्यातून प्राणी आत येता कामा नये. यातलं एक साधताना दुसरं बिघडवायचं नाही.

पुढे क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण जाळी बसवण्याची घाई करून आत जिवंत प्राणी कोंडण्याचा प्रकार सर्वांत जास्त घडतो.

पहिलं काम: आपलं छप्पर आणि त्याच्या वाटा समजून घ्या

जुनं धाब्याचं घर असेल तर सागवानी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलचन (लाकडाच्या चिपांचा थर) आणि वर मातीचा जाड थर. भिंती रुंद असतात आणि झरोके छताजवळ, भिंतीच्या जाडीतून आरपार गेलेले असतात. पत्र्याच्या घरात झरोक्यापेक्षा मोठी वाट वेगळीच असते: नागमोडी पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक उंचवट्याखाली एक मोकळी फट राहते. नवे लोक झरोक्याला जाळी लावतात आणि या फटी विसरतात. कौलारू घरात त्रिकोणी भिंतीतले झरोके आणि सरकलेली कौलं पाहावी लागतात. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्यासारख्या जुन्या कौलारू क्वार्टरमध्ये राहत असाल तर तिथली डागडुजी आपण करायची नसते, पण खाली सांगितलेली तपासणी करून लेखी तक्रार नक्की देता येते.

तपासणीची सोपी रीत अशी. सकाळी ऊन वर यायला लागलं की माळ्यावर जा, दिवा बंद करा, डोळे अंधाराला सरावू द्या. जिथून जिथून उजेड दिसेल ती प्रत्येक जागा खडूने खुणवा. नंतर बाहेरून घराभोवती फिरा आणि त्याच जागांखाली भिंतीवर विष्ठेचे पांढरे ओघळ, तेलकट काळपट डाग किंवा नखांचे ओरखडे आहेत का ते बघा. रोजच्या वाटेवर उंदराच्या अंगाचा मळ घासून काळा पट्टा उमटतो. तो दिसला की ती वाट चालू आहे असं समजा.

चढण्यापूर्वी घराचा मेन स्विच बंद करा आणि बॅटरी घ्या. माळ्यावरच्या जुन्या वायरींचं आवरण उंदरांनी खाल्लेलं असू शकतं. काम पहाटे किंवा सकाळी लवकर करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली थांबणं जिवावर बेतू शकतं. पत्र्यावर चढायची वेळ आलीच तर स्क्रूच्या ओळींवरच पाय द्या, कारण खाली आधार तिथेच असतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर मात्र चढूच नका. ते अचानक मोडतात, शिवाय त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. कोरडं कापलं किंवा घासलं की त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात.

दुसरं काम: आत कोण राहतं ते ओळखा

इथे वेळ द्या. पुढचं सगळं यावर ठरतं.

दिवसा, विशेषतः सकाळी, वर भरभर धावल्याचा आवाज आणि चिकचिक ओरडणं असेल तर खार. रात्री कुरतडल्याचा आवाज असेल तर उंदीर. रात्री धपकन उडी मारल्यासारखा, जड पावलांचा आवाज असेल तर मांजर किंवा उदमांजर. संध्याकाळी दिवेलागणीला बारीक चिरकणं ऐकू आलं आणि फटीतून एकामागून एक काही उडून गेलं तर वटवाघळं. रात्री जोरात फूत्कार ऐकून लोक साप समजून घाबरतात. पुष्कळदा ते गव्हाणी घुबड असतं.

आवाजापेक्षा लेंड्या जास्त खरं सांगतात. घरच्या लहान उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान, मोठ्या उंदराची अर्धा-पाऊण इंच लांब. वाळलेली लेंडी काडीने दाबा. कडक राहिली तर उंदीर. भुगा होऊन त्यात कीटकांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसले तर वटवाघूळ. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, काळजीचं कारण नाही. एकाच ठिकाणी साचलेल्या विष्ठेत बोरं, जांभळं, शिंदीच्या बिया दिसल्या तर उदमांजर. आणि राखाडी, अंगठ्याएवढे गोळे सापडले, आत उंदरांची हाडं आणि केस असले, तर घुबड. शेतकऱ्याच्या घरात घुबड असणं भाग्याचं आहे असं मी मनापासून मानतो. ते अंगण आणि खळ्यातले उंदीर फुकट आवरतं. त्याला माळ्यात ठेवायचं नसेल तर शेतात उंचावर एक मोठी लाकडी पेटी बसवा, पण हाकलण्याआधी पिल्लं नाहीत ना याची खात्री करा.

वाट चालू आहे की जुनी, हे कळायला दोन साधे उपाय आहेत. झरोक्यासमोर चुलीची राख किंवा पीठ पातळ पसरा. सकाळी पावलं उमटलेली दिसतात. किंवा भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल बसवा. तीन-चार दिवस तो जागचा हलला नाही तर तिथून कुणी ये-जा करत नाही. मात्र घरट्यात बसलेल्या पिल्लांना हे उपाय लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्यक्ष पाहणंच खरं.

तिसरं काम: आधी बाहेर, मग बंदोबस्त

पारव्यांची अंडी सुमारे १७ ते १९ दिवसांत फुटतात आणि पिल्लं साधारण महिनाभरात उडतात. घरटं भरलेलं असेल तर तेवढं थांबा. पिल्लं उडाली की त्याच दिवशी घरटं काढा आणि वाट अडवा, कारण पारव्यांची जोडी लगेच पुन्हा अंडी घालते. चिमण्यांचं आणखी लवकर आटोपतं: दोन आठवडे अंडी, दोन आठवडे पिल्लं. चिमणी तुमच्या झरोक्यातून जाणारच असेल तर बाहेरच्या भिंतीला सावलीत एक लाकडी पेटी लावा. पेटीचं भोक ३२ मिलिमीटर व्यासाचं ठेवा. चिमणी आत जाते, पारवा किंवा साळुंकी जात नाही.

वटवाघळांसाठी एकमार्गी पडदा लागतो. ज्या फटीतून ती बाहेर पडतात तिच्यावर बारीक छिद्रांची मऊ नायलॉन जाळी लावा. ती वरून आणि बाजूंनी पक्की करा, खाली दीड-एक फूट लोंबती आणि मोकळी सोडा. वटवाघूळ खाली सरकून बाहेर पडतं, परत येताना मात्र त्याला आतली फट सापडत नाही. आठवडाभर तसंच ठेवा, मग कायमची जाळी बसवा. पंख न फुटलेली पिल्लं आत असतील त्या काळात हे करू नका. ती आत उपाशी मरतात आणि वास महिनाभर जात नाही. उघड्या हाताने वटवाघूळ कधीही धरू नका.

उदमांजर, घुबड आणि साप यांना पकडणं किंवा मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे कळवा, किंवा गावातल्या जाणत्या सर्पमित्राला बोलवा. सापाबाबत एक खास गोष्ट लक्षात ठेवा. पालींच्या मागे भिंत चढून माळ्यावर येणारा कवड्या साप बिनविषारी असतो, पण तो मण्यारीसारखा दिसतो. मण्यार अत्यंत विषारी आहे. फरक घरच्या घरी ठरवू नका. दार बंद करा, लांबून नजर ठेवा, माणूस येईपर्यंत थांबा.

उंदरांसाठी पिंजरा लावा. विषाची गोळी टाकली की उंदीर तुळईच्या मागे जाऊन मरतो आणि तोच उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही जातं. मिरचीचा धूर करायचा सल्ला पुष्कळ जण देतील. ज्या माळ्यावर कापूस, कडबा किंवा जुनं लाकूड आहे तिथे निखारा नेणं म्हणजे घर पेटवायला बोलावणं. डांबराच्या गोळ्यांचा वास खाली झोपलेल्या लहान मुलांना त्रास देतो, आणि उघड्या झरोक्याशी तो टिकतही नाही.

साफसफाई

कोरडा झाडू मारायचा नाही, हा नियम पाळाच. पारव्यांच्या आणि वटवाघळांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ उडते, तिच्यातले बुरशीचे कण श्वासातून आत जातात. पारव्यांच्या विष्ठेच्या सततच्या संपर्काने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. म्हणून एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. साबणाचं पाणी फवारून थर भिजू द्या, मग खुरप्याने किंवा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून गोणीत भरा. धाब्याच्या छताला मात्र पाणी ओतू नका, फवारा हलकाच ठेवा. माती आणि किलचन ओली राहिली तर दुसरंच संकट. दमा असलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये.

जाळीची निवड: पैसे इथे खर्च करा

दुकानात गेलात की तीन प्रकार समोर येतील. प्लास्टिकची किंवा नायलॉनची जाळी स्वस्त असते; आपल्या उन्हात ती ठिसूळ होते आणि खार तिला दातांनी सहज कापते. षटकोनी कोंबडी-जाळी पारव्यांना अडवते, उंदरांना नाही. घ्यायची ती वेल्डेड चौकोनी जाळी, पाव इंची, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरचं छिद्र. त्यापेक्षा मोठं भोक ठेवलं की घरचा लहान उंदीर अंग आवळून आत शिरतो. अर्ध्या इंचाच्या भोकातून मोठ्या उंदराचं पोरही येतं. तार साधारण १ मिलिमीटर जाड असावी. जस्त चढवलेली जीआय जाळी चालते. पावसाचा मारा लागणाऱ्या बाजूला स्टेनलेस स्टीलची घेतली तर एकदाच खर्च होतो.

मच्छरजाळी थेट झरोक्यावर लावू नका. एप्रिल-मेमधली वावटळींची धूळ, आणि घरात कापूस साठवला असेल तर त्याचं तूस, काही आठवड्यांत तिची छिद्रं भरून टाकतं. बाहेरून झरोका उघडा दिसतो, आतून हवा बंद झालेली असते. गांधीलमाश्या किंवा मधमाश्या आत येतातच अशी अडचण असेल तर पाव इंची जाळीच्या आतल्या बाजूला मच्छरजाळीची वेगळी, काढता येणारी चौकट लावा आणि पंधरा दिवसांनी झटका. तेवढं जमणार नसेल तर ती नकोच.

जाळी लावली की हवेची वाट आकसते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ६ मिलिमीटर छिद्र आणि १ मिलिमीटर तार असेल तर मोकळी जागा सुमारे ७३ टक्केच उरते. बांधकामात वापरला जाणारा ठोकताळा असा: माळ्याच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळी वाट. म्हणजे २० फूट बाय १५ फूट माळ्याला २ चौरस फूट, अर्धी वर आणि अर्धी खाली. जाळीची तूट धरून वर दीड फूट बाय एक फुटाचा एक झरोका आणि समोरच्या बाजूला खाली तेवढाच दुसरा. तापत्या पत्र्याखाली यापेक्षा कमी करू नका, जास्त झालं तर बिघडत नाही.

बसवणं

जाळी भिंतीच्या बाहेरच्या तोंडाशी बसवा. आतल्या तोंडाशी बसवली की भिंतीच्या जाडीत बाहेरून एक सुरेख कोनाडा उरतो आणि पारवा त्यातच घरटं करतो. जाळी थेट भिंतीत चिणू नका. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी पट्टीच्या चौकटीत ताणून बसवा आणि चौकट चार स्क्रूंनी भिंतीला जोडा, म्हणजे साफ करायला काढता येईल. जाळी चौकटीबाहेर चारही बाजूंनी इंचभर दुमडलेली असावी. काठाशी सुटलेली तार हीच उंदराची सुरुवात असते.

पक्क्या विटांत प्लग आणि स्क्रू, रुंद वायसर घालून. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तिथे आधी लाकडी चौकट बसवून घ्या आणि भोवतीची फट चुन्याच्या गिलाव्याने भरा. सिमेंट मातीला घट्ट धरत नाही, ओल आत कोंडतं आणि काही पावसाळ्यांनंतर तुकड्यातुकड्यांनी सुटतं.

पत्र्याच्या उंचवट्यांखालच्या फटींसाठी बाजारात नागमोडी फोमच्या पट्ट्या मिळतात. त्या पावसाचे तुषार अडवतात, उंदराला नाही, आणि हवाही बंद करतात. त्यापेक्षा जाळीची चार इंच रुंद पट्टी घ्या, तिला काटकोनात दुमडा, एक बाजू भिंतीच्या माथ्यावर स्क्रूने बसवा आणि उभी बाजू कात्रीने पत्र्याच्या लाटेप्रमाणे कापून फटीत दाबा. काम चिकट आहे, वेळ खातं, पण पत्र्याच्या घरात सगळा फरक इथेच पडतो. पाइप किंवा वायर जिथून भिंतीत शिरते तिथल्या बारीक भोकात आधी स्टीलची घासणी ठासा, मग वरून गिलावा करा. नुसता गिलावा ओला असतानाच उंदीर उकरतो.

छपरावर गोल फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर असेल तर त्याच्या मानेखाली जाळी हवीच. बेअरिंग धरून तो थांबला की पारव्याला ती तयार जागा मिळते.

पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या झरोक्यांना पाऊस झोडपतो. त्यांच्यावर पुढे आलेला छोटा छज्जा किंवा बाहेर उतरत्या तिरप्या पट्ट्या बसवा. पट्ट्यांनीही वाट आकसते, तेव्हा झरोका तितका मोठा घ्या. वावधन (वादळी वारा) आलं म्हणून प्लास्टिक बांधलंत तर वारा ओसरताच सोडा. ते तसंच राहून गेलेली घरं गावोगाव दिसतात.

सगळं झालं की संध्याकाळी खालच्या झरोक्याशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला आणि वरच्या झरोक्याशी धरल्यावर बाहेर गेला, तर माळा श्वास घेतोय. तिथल्या तिथे घुटमळला तर कुठेतरी वाट कमी पडते आहे.

घराभोवती

कडुनिंबाची किंवा शेवग्याची फांदी छपरापासून आठ फुटांच्या आत आली की खारी आणि वानरं थेट वर उतरतात. ती छाटा. भिंतीला टेकून कडबा, पऱ्हाट्या, सरपण रचू नका. घुशींना आणि सापांना लपायला जागा आणि वर चढायला शिडी मिळते. माळ्यावर सरकी, भुईमुगाच्या शेंगा, बाजरी उघडी ठेवली तर कुठलीही जाळी कमीच पडेल. पत्र्याची झाकणाची कोठी घ्या.

कधी बघायचं

वेगळी तारीख लक्षात ठेवायची गरज नाही, आपले सणच पुरतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घर आवरलं जातं, लेकीबाळी माहेरी येतात. त्याच वेळी चौकटी काढून ब्रशने धूळ झटका आणि उन्हाळ्यातली हवा मोकळी आहे ना ते उदबत्तीने पाहा. मृगाच्या सरींआधी छज्जे आणि तिरप्या पट्ट्या तपासा. श्रावणात कानबाई देवीच्या सणासाठी घर स्वच्छ करून रंगवतात, तेव्हा रंगारी जाळीवरही रंग फासतो आणि छिद्रं बुजतात. त्याला आधीच सांगून चौकटी उतरवून ठेवा, त्या दिवसांपुरती राखण करा आणि रंग सुकला की लगेच बसवा. दिवाळीनंतर कापूस घरात येण्याआधी आणखी एक फेरी, या वेळी वायरी आणि कुरतडल्याच्या खुणा पाहायला. गंजाचा ठिपका दिसला की तार घासून जस्ताचा रंग लावा. तार तुटली असेल तर ठिगळ दोन-दोन इंच चारही बाजूंनी मोठं घेऊन बारीक तारेने शिवा. उरलेली जाळी आणि जास्तीचे स्क्रू माळ्याच्या जिन्याजवळ खिळ्याला टांगून ठेवा.